‘जर’ या शब्दावर उभं असलेलं मानक: आयएस १३८२८ चिकित्सक नजरेनं वाचताना

संशोधनाची तयारी म्हटली की आपण शोधनिबंध वाचायला घेतो. ते बरोबरच आहे. पण घरबांधणी, साहित्य आणि सुरक्षितता या क्षेत्रात प्रत्यक्ष भिंतींवर सर्वाधिक परिणाम करणारा मजकूर शोधनिबंधात नसतो. तो मानकांत, मार्गदर्शिकांत आणि बांधकाम नियमावलीत असतो. गंमत म्हणजे हा मजकूर आपण वाचतो तो फक्त आकडा उचलण्यापुरता. ‘आयएस अमुकनुसार जाडी इतकी घेतली’ एवढं लिहून पुढे जातो. मानकाला कुणी प्रश्न विचारत नाही.

म्हणून आज एका मानकाची समीक्षा. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १३८२८, साल १९९३. विषय: कमी ताकदीच्या दगड-विटांच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढवणं. कमी ताकदीचं बांधकाम म्हणजे साध्या भाषेत मातीच्या गाऱ्यात किंवा तसल्याच कमजोर मालात बसवलेली वीट आणि अनघड दगड. म्हणजे मराठवाड्यातलं जुनं दगडमातीचं घर यात अगदी नेमकं बसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या मानकातलं तांत्रिक ज्ञान चांगलं आहे, आजही बहुतेक टिकतं. अडचण आहे ती त्याच्या व्याप्तीच्या वाक्यात आणि त्यानं मनात धरलेल्या वाचकात. आता ते कसं, हे टप्प्याटप्प्यानं बघू.

आधी श्रेय द्या

समीक्षा म्हणजे दोष काढणं नाही. आधी मजकूर काय साधतो ते नीट सांगता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर पुढच्या टीकेला वजन राहत नाही.

१९९३ साली ब्यूरोनं एका कुटुंबातली मानकं एकत्र आणली: आयएस ४३२६ ची सुधारित आवृत्ती, मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७, आपलं आयएस १३८२८ आणि दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५. या विचाराची मुळं इंटरनॅशनल असोसिएशन फॉर अर्थक्वेक इंजिनिअरिंगच्या १९८६ च्या मार्गदर्शिकेत सापडतात. अभियंत्याविना होणाऱ्या बांधकामासाठीची ही मार्गदर्शिका तयार करणाऱ्या समितीचं नेतृत्व रुरकीच्या प्रा. आनंद आर्य यांच्याकडे होतं. जगातली बहुसंख्य घरं अभियंता न बोलावता बांधली जातात, हे मान्य करून त्यांच्यासाठी लिहायला बसणं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

आता यामागची कार्यपद्धती. अनघड दगडांची जाड भिंत आपल्याला एक दिसते, पण ती बहुतेकदा दोन भिंती असते. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती, चिपा, बारीक दगडांचा भराव. जमीन हलली की हे दोन थर वेगवेगळे हलतात. मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा दोन्ही थरांना बाहेर ढकलतो, आणि भिंतीला पोट सुटतं. एक थर निसटला की उरलेला एकटा वर्‍हांड्याचा, छताचा भार पेलू शकत नाही. दुसरीकडे कोपरे उघडतात, कारण दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्याच नसतात.

मानकाचे उपाय या कारणांना थेट भिडतात. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. भिंतीच्या आरपार जाणारे दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरला हवेत. आरपार दगड मिळत नसेल तर पर्याय दिले आहेत: ८ ते १० मिलिमीटरची वाकवलेली सळई, प्रक्रिया केलेल्या लाकडाचा ३८ बाय ३८ मिलिमीटरचा दांडा, किंवा मध्ये सळई घातलेला ५० बाय ५० मिलिमीटरचा काँक्रीटचा दांडा. शिवाय दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा, जो चारही भिंतींना करदोट्यासारखा बांधून ठेवतो.

बघा, प्रत्येक तरतुदीमागे मोडण्याची एक विशिष्ट तऱ्हा आहे. तुमच्या वहीत मानकाचा उतारा घेताना दोन रकाने करा: एकात तरतूद, दुसऱ्यात ती कोणतं मोडणं थांबवते. दुसरा रकाना भरता येत नसेल तर ती तरतूद अजून समजलेली नाही.

व्याप्तीचं कलम: सगळा खेळ इथेच आहे

विद्यार्थी सहसा व्याप्तीचं कलम ओलांडून पुढे जातात. माझ्या मते ते सर्वांत सावकाश वाचायला हवं.

या मानकाच्या १९९३ च्या मूळ मजकुरातलं व्याप्तीचं कलम थोडक्यात असं: तरतुदी भूकंपक्षेत्र तीन ते पाचसाठी लागू. क्षेत्र एक आणि दोनमध्ये विशेष तरतुदींची गरज नाही, जर सिमेंट-वाळूचा माल १:६ पेक्षा कमजोर नसेल आणि दगडी भिंतीत आरपार दगड किंवा तसले बांधणारे घटक वापरले असतील.

या वाक्यातलं अर्धं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं: ‘क्षेत्र एक-दोनमध्ये गरज नाही.’ ‘जर’ नंतरचं अर्धं गळून पडतं.

आता हे वाक्य घेऊन किल्लारीला जाऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मोमेंट मॅग्निट्यूड सुमारे ६.२. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाच्या मोजपट्टीवर हा काही जगातला मोठा धक्का नव्हता. तेव्हा लागू असलेल्या आयएस १८९३ च्या १९८४ च्या नकाशावर हा भाग क्षेत्र एकमध्ये होता, म्हणजे देशातल्या सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात. त्या क्षेत्रात तीव्रता पाच किंवा त्याहून कमी अपेक्षित होती. प्रत्यक्षात किल्लारीच्या आसपास ती आठच्या पुढे गेली.

नकाशा चुकला, हा धडा सगळ्यांनी घेतला. २००२ च्या आवृत्तीत क्षेत्र एक रद्दच झालं, देशात चार क्षेत्रं उरली, आणि लातूरचा हा भाग क्षेत्र तीनमध्ये गेला. पण नकाशाच्या चुकीवर बोट ठेवून थांबलो तर मजकुराची चूक निसटते. समजा नकाशा पूर्ण बरोबर आहे आणि एक घर खरोखरच कमी धोक्याच्या क्षेत्रात आहे. त्याची भिंत मातीच्या गाऱ्याची आहे, आरपार दगड नाहीत. म्हणजे ‘जर’ ची अट पुरी होत नाही. मग त्या घराला काय लागू? क्षेत्र तीनच्या तरतुदी? त्यातल्या काही? वाक्य इथे गप्प आहे. सूट कोणाला हे ते सांगतं. सूट न मिळालेल्यानं काय करायचं हे सांगत नाही.

आणि ज्या घरांना सूट मिळते ती कोणती? १:६ सिमेंटचा माल आणि आरपार दगड असलेली, म्हणजे तुलनेनं आधीच बरी असलेली. ज्या घरांसाठी हे मानक लिहिलं गेलं तीच कमी धोक्याच्या क्षेत्रात अधांतरी राहतात. आज क्षेत्र दोनमध्ये अशी घरं आहेतच. त्यामुळे हा प्रश्न जुना इतिहास नाही.

कुणी म्हणेल, मानक नुकतंच येत होतं, त्याचा किल्लारीशी काय संबंध? बरोबर. १९९३ च्या मानकामुळे किल्लारी घडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं कालक्रमालाच धरून होणार नाही. माझा मुद्दा असा की उपाय १९८६ पासून छापील होते, आणि ते कोणापर्यंत न्यायचे हे ठरवणारी चौकट धोक्याच्या नकाशावर बेतलेली होती. घराच्या कमजोरपणाला त्या चौकटीत दुय्यम जागा होती. धक्का क्वचित बसणार म्हणून भिंत आपोआप चांगली होत नाही.

आकडा कुठून आला?

४५०, ६०० आणि १२०० मिलिमीटर. हे आकडे फुटात मोजा: दीड, दोन आणि चार फूट. पट्ट्याची किमान जाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. माझा तर्क असा की हे गवंड्याच्या हाताला आणि फुटपट्टीला सोयीचे, पूर्णांकात बसवलेले आकडे आहेत. हा तर्क आहे, पुरावा नाही. मानकाच्या मजकुरात आकड्यामागची आकडेमोड दिलेली नसते.

सोयीचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा असं नाही. उलट जागेवर लक्षात राहील असाच आकडा हवा. पण संशोधकानं कार्यपद्धती आणि आकडा यांना वेगळं ठेवावं. ‘आरपार दगड दोन थरांना बांधतात’ हे विधान एक. ‘दर ६०० मिलिमीटरला एक पुरेसा’ हे दुसरं. पहिल्याला भक्कम आधार आहे, पडलेल्या भिंतींचाही आणि प्रयोगांचाही. दुसऱ्याला किती आहे? अंतर ९०० केलं तर काय बिघडतं? ४५० केलं तर किती सुधारतं? गोल नदीगोट्यांच्या भिंतीला आणि सपाट फोडलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीला एकच अंतर का?

याचा खर्चाशी सरळ संबंध आहे. पाच मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत घ्या. उंचीत चार ओळी, प्रत्येक ओळीत चार-पाच आरपार दगड. एका भिंतीला सोळा ते वीस. अशा चार भिंतींच्या एका खोलीला, दार-खिडकी वजा जाता, साठ-सत्तर. प्रत्येक दगड भिंतीच्या जाडीइतका लांब. आपल्याकडच्या कठीण काळ्या दगडातून एवढे लांब तुकडे घडवून घेणं म्हणजे पाथरवटाची वेगळी मजुरी. ती कोण देणार? अंतराचा आकडा थोडा सैल करता आला तर जास्त घरांत दगड बसतील का, की सैल केल्यानं भिंतच धोक्यात येईल? आकड्याला प्रश्न विचारल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. आरपार दगड भिंतीत गेला की तपासता येत नाही. बाहेरून फक्त तोंड दिसतं. तो पलीकडे पोचला की नाही हे थर रचताना तिथे उभ्या असलेल्यालाच कळतं. काँक्रीटचा दांडा मात्र आधी ओतून ठेवता येतो, मोजता येतो. मानकात दोन्ही पर्याय एका ओळीत, समान म्हणून येतात. ताकदीच्या दृष्टीनं ते समान असतील, पण तपासणीच्या दृष्टीनं अजिबात नाहीत. हा फरक प्रयोगशाळेत दिसत नाही, बांधकामावर दिसतो.

हे वाचणार कोण?

मानक मुळात इंग्रजीत, तक्ते आणि आकृत्यांसह, अभियंत्याच्या भाषेत लिहिलेलं. विषय मात्र अभियंता नसलेलं घर. हा अंतर्विरोध शीर्षकातच आहे. ‘कमी ताकदीचं’, ‘अभियंत्याविना’ असे शब्द बांधकामाची ओळख त्यात काय नाही यावरून करून देतात. काय आहे? गवंड्याचं ज्ञान, सुताराचं ज्ञान, त्या भागातलं साहित्य, आणि घरमालकाची ऐपत.

मराठवाड्यातल्या माळवदाचंच बघा. आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. बाहेरून जाड भिंती. १९९३ मध्ये काही घरांत भिंती कोसळल्या तरी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे परंपरेत एक चांगली गोष्ट होती आणि एक घातक. घातक होती ती मातीचं वजन. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी नवी माती चढत जाते. अर्धा मीटर थर धरा, मातीची घनता दर घनमीटरला १६०० किलो धरा. एका चौरस मीटरवर ८०० किलो. तीन बाय चारच्या खोलीवर साडेनऊ टनांच्या वर.

पण लोक ती माती आणि त्या जाड भिंती हौसेनं ठेवत नव्हते. उन्हाळ्यात तेच घर गार राहतं. जाडी ४५० वर आणा आणि छत हलकं करा, हा सल्ला भूकंपासाठी योग्यच आहे. पण भूकंप आयुष्यात एकदा येईल-न येईल, मे महिना दरवर्षी येतो. सुरक्षिततेचा सल्ला रोजच्या गरजेशी भांडत असेल तर बहुतेकदा रोजची गरज जिंकते. मार्गदर्शिकेनं या भांडणाची दखल घ्यायला हवी होती.

पाकिस्तानात ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर याचंच दुसरं रूप दिसलं. लाकडी चौकटीत दगड-माती भरण्याची धज्जी ही काश्मीरकडची जुनी पद्धत तिथे तग धरून राहिली होती. तरी पुनर्बांधणीच्या मान्य पद्धतींत तिला सुरुवातीला जागा नव्हती. नंतर ती द्यावी लागली. लोक काय बांधू शकतात हे आधी पाहिलं असतं तर हा फेरा वाचला असता.

सल्ला, सक्ती आणि पैसा

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. भारतीय मानक स्वतःहून कायदा नसतं. नियमावलीनं त्याचा हवाला दिला, परवानगी देणाऱ्या यंत्रणेनं ते मागितलं, तरच ते बंधनकारक होतं. शहरातल्या इमारतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. गावातल्या दोन खोल्यांना कोण विचारतं?

नेपाळनं इथे वेगळी वाट धरली. १९८८ च्या भूकंपानंतर तयार झालेल्या तिथल्या संहितेत सामान्य घरांसाठी ‘अनिवार्य ठोकताळे’ असा एक प्रकारच आहे. आकडेमोड करू नका, हे ठरलेले आडाखे पाळा, पण पाळाच. कल्पना फार चांगली. तरी २५ एप्रिल २०१५ च्या गोरखा भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि पडलेल्या घरांत दगडमातीची घरं सर्वाधिक होती. कागदावरचा ‘अनिवार्य’ डोंगरातल्या गावापर्यंत पोचलाच नव्हता.

फरक पडला तो पुनर्बांधणीत. घरामागे तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान तीन हप्त्यांत: ५० हजार, दीड लाख, एक लाख. तपासणीत नियम पाळलेले दिसले तरच पुढचा हप्ता. मार्गदर्शिका अचानक सगळे वाचू लागले. मात्र याचीही दुसरी बाजू आहे. अनेक कुटुंबांनी निकषात बसेल आणि पैशात बसेल एवढंच लहान घर बांधलं आणि राहण्याची सोय इतरत्रच ठेवली. नियम पाळला गेला; घर झालं का, हा प्रश्न उरला.

आपल्याकडे किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम झाला. बावन्न गावं नव्या जागी वसवली, आणि दुसऱ्या भागात लाखाच्या वर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी मदत दिली. जुन्या भिंतीत भोक पाडून सळई घालायची आणि काँक्रीट भरून आरपार दगड तयार करायचा, ही पद्धत तिथे लोकांना दाखवली गेली. पण अनेकांनी जुन्या भिंती मजबूत करण्याऐवजी मदतीतून एक नवी खोली बांधणं पसंत केलं. दगडावरचा विश्वासच उडाला होता. अभियांत्रिकीच्या नजरेनं मजबूत केलेली भिंत सुरक्षित. पण त्याच भिंतीखालून ज्यांनी आपली माणसं काढली, त्यांना तिच्या सावलीत झोप कशी लागणार? आयएस १३९३५ मध्ये या प्रश्नासाठी कलम नाही. असूही शकत नाही. पण संशोधनात त्याला जागा असलीच पाहिजे.

तुमच्या प्रस्तावासाठी

यातून प्रश्न कसे काढायचे? तीन सुचवते.

साहित्याकडून आलेल्यांसाठी: आपल्या भागातला दगड आणि आपल्या भागातला गारा घेऊन आरपार दगडांचं अंतर बदलत नेलं तर भिंतीला पोट सुटण्याची पातळी कशी बदलते? एकाच आकड्याऐवजी दगडाच्या प्रकारानुसार आकडा देता येईल का?

धोरणाकडून आलेल्यांसाठी: एखाद्या तालुक्यात घरकुलाच्या हप्त्यांसाठी प्रत्यक्षात काय तपासलं जातं, आणि त्यातलं किती भिंत पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसतं?

समाजशास्त्राकडून आलेल्यांसाठी: गवंडी कोणता नियम पाळतो, कोणता वगळतो, आणि वगळताना कारण काय देतो? ‘अज्ञान’ हे उत्तर आधीच गृहीत धरू नका. बहुतेकदा कारण मजुरीत, दगडाच्या लांबीत किंवा उन्हाळ्यात सापडतं.

आणि कोणताही प्रस्ताव लिहिताना मानकाचा हवाला दिलात, तर क्रमांकाबरोबर साल लिहा, आवृत्ती लिहा आणि व्याप्तीचं कलम पूर्ण वाचून मगच ‘लागू’ किंवा ‘लागू नाही’ म्हणा. आयएस १३८२८ मधल्या त्या वाक्यात ‘जर’ नंतर जे येतं, त्यावर घर उभं राहणार की पडणार हे ठरतं. वाक्य अर्धं वाचलं तर ते आपल्याला दिसतही नाही.